टेक्सासमधील खनिज हक्कधारकाने परिसरातील तेलविहिरींवर लक्ष कसे ठेवावे

टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे खनिज हक्क येतात ते बहुधा आडवाटेने. कोणी शहराबाहेर दहा-वीस एकर जमीन घेतो आणि खरेदीखत नीट वाचल्यावर विक्रेत्याने अर्धे खनिज हक्कही जमिनीसोबत दिल्याचे त्याच्या लक्षात येते. कोणाच्या अमेरिकन सुनेला किंवा जावयाला आजोबांकडून हिस्सा आलेला असतो, तर तेलक्षेत्रात नोकरी केलेला एखादा अभियंता गुंतवणूक म्हणून रॉयल्टीचा (विकलेल्या तेल-वायूतील मालकाच्या वाट्याचा) लहानसा भाग विकत घेतो. जवळपास रिग (विहीर खोदण्याचा उंच सांगाडा) उभी राहिली की या सर्वांना एकच प्रश्न पडतो : या विहिरीत आपले काही आहे का, आणि असेल तर ते कधी व किती मिळेल? याचे उत्तर जवळजवळ संपूर्णपणे सार्वजनिक कागदपत्रांत असते आणि त्यातील बरेचसे घरी बसून, विनामूल्य पाहता येते. मात्र कोणता कागद आधी पाहायचा आणि त्यातून किती अर्थ काढायचा, हे माहीत असावे लागते.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाने सुरुवातीलाच एक जुनी समजूत बाजूला ठेवावी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार जमिनीखालील खनिजांवर शासनाचा हक्क असतो, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव असले तरी खाली सापडलेल्या खनिजात शेतकऱ्याचा वाटा नसतो. टेक्सासमध्ये खनिजे सामान्यतः खासगी मालकीची असतात, आणि जमिनीचा पृष्ठभाग एकाचा व खालची खनिजे दुसऱ्याची, अशी विभागणी खरेदीखताने करता येते. इतकेच नव्हे, तर अशा विभागणीत खनिजमालकाचा हक्क वरचढ मानला जातो, म्हणजे खनिज काढण्यासाठी आवश्यक तेवढा पृष्ठभाग वापरण्याची मुभा त्याला किंवा त्याच्या पट्टेदाराला असते. म्हणूनच ज्याच्या कुंपणात विहीर खोदली जाते त्याला एक डॉलरही न मिळणे आणि तीनशे मैलांवर राहणाऱ्या खनिजमालकाला दरमहा धनादेश जाणे, हे दोन्ही एकाच वेळी घडू शकते.

पहिली पायरी : आपल्याकडे नेमके काय आहे

नकाशा उघडण्याची घाई सर्वांनाच असते, परंतु आपले खरेदीखत, वारसापत्र आणि असल्यास भाडेपट्टा (लीज, म्हणजे कंपनीला खनिजे काढू देण्याचा करार) समोर ठेवल्याशिवाय नकाशा निरुपयोगी आहे. टेक्सासमध्ये सातबाऱ्यासारखा शासनाने चालवलेला एकच उतारा नाही. मालकी ठरते ती एकापाठोपाठ एक झालेल्या खतांच्या साखळीवरून, आणि ही खते ज्या काउंटीत जमीन आहे तेथील काउंटी क्लार्कच्या कार्यालयात नोंदलेली असतात. या साखळीत पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या खतात ‘खनिजांचा अर्धा भाग विक्रेत्याने राखून ठेवला आहे’ असे एक वाक्य असेल, तर पुढच्या सर्व खरेदीदारांकडे उरलेला अर्धाच येतो, मग त्यांच्या खतात काहीही लिहिलेले असो.

खतातून चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. काउंटीचे नाव, मूळ सर्वेक्षणाचे नाव व त्याचा ॲबस्ट्रॅक्ट क्रमांक (त्या मूळ भूभागाचा राज्याच्या नोंदीतील क्रमांक), एकूण एकर, आणि त्या एकरांतील खनिजांमध्ये आपला अपूर्णांक. चाळीस एकरांत आपला एक चतुर्थांश हिस्सा असेल, तर आपल्याकडे १० निव्वळ खनिज एकर आहेत असे म्हणतात, आणि पुढचा सर्व हिशेब या दहाच्या आकड्यावर चालतो. भाडेपट्टा झालेला असेल तर त्याची तारीख, मूळ मुदत (ती बहुधा तीन वर्षांची असते), रॉयल्टीचा दर आणि खर्चकपातीविषयीचे कलम हेही लिहून ठेवावे.

दुसरी पायरी : रेलरोड कमिशनचा नकाशा

टेक्सासमधील तेल व वायू विहिरींचे नियमन करणाऱ्या संस्थेचे नाव ‘रेलरोड कमिशन ऑफ टेक्सास’ असे आहे. नाव फसवे आहे. १८९१ मध्ये रेल्वेच्या नियमनासाठी स्थापन झालेल्या या संस्थेकडे पुढे तेल आणि वायू आले, रेल्वेचे उरलेसुरले काम २००५ मध्ये दुसऱ्या खात्याकडे गेले, पण नाव तसेच राहिले. नवखा माणूस ‘तेल आयोग’ असे काहीतरी शोधत बसतो आणि त्याला काही सापडत नाही.

कमिशनच्या संकेतस्थळावरील सार्वजनिक नकाशावर काउंटी आणि ॲबस्ट्रॅक्ट क्रमांक टाकून आपला भूभाग शोधता येतो. त्यावर प्रत्येक विहीर एका चिन्हाने दाखवलेली असते आणि चिन्हांची सूची शेजारी मिळते. ती सूची कंटाळवाणी वाटली तरी वाचावीच, कारण केवळ परवाना मिळालेले ठिकाण, उत्पादन देणारी विहीर, कोरडी निघालेली विहीर, बुजवलेली विहीर आणि तेलाबरोबर येणारे खारे पाणी पुन्हा जमिनीत सोडण्याची विहीर यांची चिन्हे वेगवेगळी आहेत. शेवटच्या प्रकारच्या विहिरीतून तेल निघत नाही. तेथे ट्रकांची वर्दळ मात्र भरपूर असते आणि ती पाहून लोक उगाच हरखून जातात.

प्रत्येक विहिरीला एक एपीआय क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे आणि नंतरचे पाच त्या विहिरीचे असतात. टेक्सासचा अंक ४२ आणि कार्न्स काउंटीचा २५५, म्हणून तेथील प्रत्येक विहिरीचा क्रमांक ४२-२५५ ने सुरू होतो. विहिरीचे नाव बदलते, कंपनी बदलते, परंतु हा क्रमांक विहिरीला जन्मभर चिकटलेला असतो. त्यामुळे वहीत नावाऐवजी क्रमांक लिहिण्याची सवय लावावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याजवळची विहीर आपली असतेच असे नाही, आणि आपली विहीर आपल्याजवळ असतेच असे नाही. टेक्सासमधील ईगल फोर्ड किंवा पर्मियन या तेलपट्ट्यांतील आजच्या बहुतेक विहिरी आडव्या असतात. त्या आधी हजारो फूट खाली जातात, मग वळतात आणि खडकाच्या थरातून एक ते दोन मैल, कधी त्याहूनही अधिक, आडव्या धावतात. रिग शेजाऱ्याच्या शेतात उभी असते आणि विहिरीचे टोक तुमच्या खनिजांखाली असते, किंवा रिग तुमच्या फाटकासमोर असते आणि विहीर नेमकी उलट दिशेला गेलेली असते. नकाशावर पृष्ठभागावरील ठिकाण आणि तळाचे टोक यांना जोडणारी रेषा दिसते. ती रेषा पाहावी. रिगकडे पाहून काहीही ठरवू नये.

तिसरी पायरी : परवाना वाचणे

विहीर खोदण्यापूर्वी कंपनीला, म्हणजे ऑपरेटरला, डब्ल्यू-१ या अर्जावर परवाना घ्यावा लागतो. कमिशनच्या परवाना-शोध पानावर काउंटी आणि तारखांची मर्यादा टाकली की त्या काळातील सर्व अर्ज दिसतात. महिन्यातून एकदा, ठरावीक दिवशी, आपल्या काउंटीची यादी पाहणे पुरेसे आहे. रोज पाहून केवळ अस्वस्थता वाढते.

अर्जात ऑपरेटरचे नाव, लीजचे किंवा युनिटचे (अनेक तुकडे एकत्र केलेल्या क्षेत्राचे) नाव, एकूण एकर, विहीर आडवी की उभी, अपेक्षित खोली आणि कोणत्या क्षेत्रातून उत्पादन घेण्याचा विचार आहे, ही माहिती असते. सोबत जोडलेला आराखडा हा त्यातील सर्वांत मोलाचा कागद आहे, कारण त्यावर युनिटची सीमा, आतले तुकडे आणि विहिरीचा मार्ग काढलेला असतो. आपला ॲबस्ट्रॅक्ट क्रमांक त्या सीमेच्या आत आहे का, एवढेच आधी पाहावे.

परवाना मिळाला म्हणजे विहीर होणारच, असे मात्र मुळीच नाही. परवान्याची मुदत दोन वर्षांची असते आणि तेलाचे भाव घसरल्यास किंवा कंपनीचा बेत बदलल्यास कित्येक परवाने न वापरताच संपतात. परवान्याच्या बातमीवर घराच्या नूतनीकरणाचे अंदाजपत्रक आखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परवान्याच्या सुमारास टपालाने पत्रे येऊ लागतात

या टप्प्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण नवख्या मालकाचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. ज्या मालकाला वर्षानुवर्षे कोणी विचारले नव्हते, त्याला अचानक खनिज हक्क विकत घेण्याची पत्रे येऊ लागतात. खरेदी करणारे लोकही तेच परवाने वाचत असतात, तुमच्याआधी आणि अधिक बारकाईने. असे पत्र आले की रकमेचा आकडा पाहण्यापूर्वी गेल्या सहा महिन्यांतील परवाने पाहावेत. माझ्या मते पत्र म्हणजे फुकट मिळालेली बातमी आहे. तिचा उपयोग करून घ्यावा आणि उत्तराची घाई करू नये.

पत्रासोबत कधी कधी बँक ड्राफ्टसारखा दिसणारा कागद आणि सहीसाठी तयार दस्त असतो. ड्राफ्ट लगेच वटत नाही. त्यावर बारीक अक्षरांत काही दिवसांची मुदत आणि मालकी तपासून मान्य झाल्यासच पैसे देण्याची अट असते. दस्त भाडेपट्ट्यासारखा भासला तरी तो विक्रीखत असू शकतो. टेक्सासच्या मालमत्ता कायद्याप्रमाणे टपालाने ड्राफ्ट किंवा धनादेशासह असा दस्त पाठवणाऱ्याने ‘यावर सही केल्यास तुम्ही आपले खनिज हक्क संपूर्ण किंवा अंशतः विकत आहात’ या अर्थाची सूचना ठळकपणे छापावी लागते. ती सूचना शोधावी, आणि सही करण्यापूर्वी तेल-वायू विषयातील वकिलाला कागद दाखवावा. वकिलाची फी जड वाटते, पण एकदा विकलेले हक्क परत मिळत नाहीत.

भाडेपट्ट्याचा प्रस्ताव ही वेगळी गोष्ट. तो घेऊन येणाऱ्या प्रतिनिधीला लँडमन म्हणतात. तो सभ्य आणि माहीतगार असतो, परंतु तो कंपनीचे काम करतो. त्याच्याशी बोलताना त्याने सांगितलेल्या एकरांची आणि अपूर्णांकाची आपल्या वहीतील नोंदीशी तुलना करावी, आणि फरक आढळल्यास कोणत्या खताच्या आधारे हा आकडा आला ते नम्रपणे विचारावे. हा प्रश्न विचारणाऱ्या मालकाशी पुढचे बोलणे वेगळ्या सुरात होते.

चौथी पायरी : युनिट आणि काउंटीतील नोंदी

लहान लहान तुकडे एकत्र करून त्यांवर एक विहीर घेण्याला पूलिंग म्हणतात आणि एकत्र झालेल्या क्षेत्राला युनिट. युनिटची घोषणा काउंटी क्लार्ककडे नोंदवली जाते आणि तिच्या जोडपत्रात कोणत्या लीज किती एकरांसह समाविष्ट आहेत, याची यादी असते. कमिशनकडेही पी-१२ या नमुन्यात तुकड्यांची यादी दाखल होते. आपले नाव किंवा आपल्या लीजची नोंद त्या यादीत असेल तर आपण आत आहोत. नसेल, तर विहीर शंभर फुटांवरून गेली तरी आपण बाहेर आहोत.

काही विहिरी पूलिंग न करताच अनेक लीजखालून जातात. अशा वेळी वाटणी एकरांवर न होता विहिरीची किती लांबी कोणत्या लीजखाली आहे त्यावर केली जाते. आपल्या विहिरीच्या अर्जावर असा प्रकार दिसला, तर पुढे दिलेला एकरांचा हिशेब तिला लागू पडणार नाही.

पाचवी पायरी : परवान्यापासून पहिल्या थेंबापर्यंत

खोदकाम सुरू झाले की नाही हे प्रत्यक्ष पाहता आले तर उत्तम, परंतु दूर राहणाऱ्यासाठी कागद पुरेसे आहेत. खोदून झालेली विहीर फ्रॅकिंगशिवाय (दाबाने पाणी व रसायने सोडून खडकात भेगा पाडल्याशिवाय) महिनोन्‌महिने पडून राहू शकते, म्हणून रिग निघून गेली म्हणजे तेल सुरू झाले असे समजू नये. फ्रॅकिंग झाले का, हे फ्रॅकफोकस या सार्वजनिक नोंदवहीत कळते. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०१२ पासून फ्रॅकिंगमधील रसायनांची माहिती तेथे देणे बंधनकारक आहे, आणि त्या नोंदीत काम सुरू झाल्याची व संपल्याची तारीख तसेच वापरलेल्या पाण्याचे प्रमाणही असते. रसायनांची यादी वगळली तरी केवळ त्या दोन तारखांसाठी ही नोंद पाहण्यासारखी आहे.

त्यानंतर ऑपरेटर पूर्णत्वाचा अहवाल दाखल करतो. तेलाच्या विहिरीसाठी डब्ल्यू-२ आणि वायूच्या विहिरीसाठी जी-१. यात सुरुवातीच्या चाचणीत चोवीस तासांत किती तेल, वायू आणि पाणी आले ते लिहिलेले असते. हा आकडा आकर्षक असतो आणि दिशाभूल करणारा असतो, कारण शेल या खडकातील विहिरीचे उत्पादन पहिल्या वर्षातच बहुधा निम्म्याहून अधिक घसरते. चाचणीच्या आकड्याला ३६५ ने गुणणारा माणूस वर्षअखेरीस ऑपरेटरवर संशय घेतो. वास्तविक चूक गुणाकाराची असते.

सहावी पायरी : मासिक उत्पादन

ऑपरेटरला प्रत्येक महिन्याचे उत्पादन पुढील महिन्याच्या अखेरपर्यंत कमिशनला कळवावे लागते, म्हणजे जानेवारीचा अहवाल फेब्रुवारीअखेर येतो. आकडे नंतर दुरुस्तही होतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांपूर्वीचा महिना तपासणे शहाणपणाचे ठरते. तेल पिंपांत, म्हणजे बॅरलमध्ये, आणि वायू हजार घनफुटांत मोजतात.

येथे टेक्सासची एक खास अडचण आहे. वायूचे उत्पादन विहिरीप्रमाणे नोंदले जाते, तेलाचे मात्र लीजप्रमाणे. एका लीजवर तेलाच्या पाच विहिरी असतील तर पाचांचा मिळून एकच आकडा दिसतो, आणि सहावी सुरू झाल्यावर तो एकदम वाढतो. त्या वाढीवरून नव्या विहिरीचा अंदाज करता येतो, पण तो अंदाजच असतो. दुसरी गंमत अशी की नव्या विहिरीला लीज क्रमांक मिळेपर्यंत तिचे उत्पादन परवाना क्रमांकाखाली नोंदले जाते. लीजच्या नावाने शोधणाऱ्याला पहिले काही महिने कोरे दिसतात आणि विहीर बंद असल्याचा गैरसमज होतो. म्हणून परवाना क्रमांकही वहीत हवा.

सातवी पायरी : डिव्हिजन ऑर्डर आणि धनादेश

पैसे देण्यापूर्वी ऑपरेटर किंवा तेल घेणारी कंपनी डिव्हिजन ऑर्डर पाठवते. त्यावर आपला हिस्सा दशांश अपूर्णांकात छापलेला असतो, आणि तो स्वतः काढून पाहिल्याशिवाय सही करू नये. आपले १० निव्वळ एकर ६४० एकरांच्या युनिटमध्ये आहेत आणि रॉयल्टी २५ टक्के आहे असे धरू. १० भागिले ६४० म्हणजे ०.०१५६२५, आणि त्याचे पंचवीस टक्के म्हणजे ०.००३९०६२५. कागदावर हाच आकडा यावा. वेगळा आला, तर एकर, अपूर्णांक किंवा रॉयल्टीचा दर यांपैकी एक कोठेतरी वेगळा धरला आहे, आणि कोणता ते लेखी विचारावे.

एखाद्या महिन्यात युनिटमधून ३०,००० बॅरल तेल ७० डॉलर दराने विकले गेले तर एकूण २१ लाख डॉलर झाले, आणि आपला वाटा सुमारे ८,२०३ डॉलर. त्यातून राज्याचा उत्पादन कर वजा होतो, तेलावर ४.६ टक्के आणि वायूवर ७.५ टक्के. म्हणजे हातात साधारण ७,८२६ डॉलर येतात. वायूच्या बाबतीत वाहतूक, दाब वाढवणे आणि प्रक्रिया यांचा खर्चही कापला जाऊ शकतो, आणि तो कापण्याची मुभा आहे की नाही हे भाडेपट्ट्यातील शब्दांवर ठरते. धनादेशासोबतच्या तपशिलात महिना, परिमाण, दर, कपाती आणि आपला अपूर्णांक दिलेला असतो. परिमाणाचा आकडा कमिशनकडील आकड्याशी ताडून पाहावा. तो तंतोतंत जुळत नाही, कारण काढलेले आणि विकलेले तेल यांत टाक्यांमधील साठ्याचा फरक असतो. मात्र सलग काही महिने मोठी तफावत राहिली तर विचारणा करण्यास पुरेसे कारण आहे.

टेक्सासच्या कायद्यानुसार पहिली रक्कम पहिल्या विक्रीचा महिना संपल्यापासून १२० दिवसांत मिळायला हवी. त्यानंतर तेलासाठी महिनाअखेरपासून ६० आणि वायूसाठी ९० दिवसांची मुदत आहे, भाडेपट्ट्यात वेगळे ठरले नसल्यास. परवान्यापासून पहिल्या धनादेशापर्यंत वर्ष-सव्वा वर्ष सहज जाते. रॉयल्टीचा वाद उद्भवला तर रेलरोड कमिशनकडे जाऊन उपयोग नाही. दोन पक्षांमधील करार तिच्या अधिकारक्षेत्रात येत नाहीत, ते काम न्यायालयाचे आहे.

विहीर शांत झाली तर

धनादेश अचानक थांबले तर आधी पी-४ हा नमुना पाहावा, कारण ऑपरेटर बदलल्याची नोंद तेथे होते आणि नव्या कंपनीकडे जुना पत्ता पोहोचलेला नसतो, असे वारंवार घडते. घर बदलल्यावर बँकेला कळवतो तसेच ऑपरेटरलाही लेखी कळवावे. मालक सापडला नाही तर न दिलेली रॉयल्टी साधारण तीन वर्षांनी राज्याच्या कंट्रोलर या वित्त अधिकाऱ्याकडे जमा होते, आणि तेथील शोधपानावर स्वतःचे तसेच दिवंगत सासू-सासऱ्यांचे नावही टाकून पाहावे.

उत्पादनाच्या तक्त्यात सलग शून्ये दिसू लागली तर भाडेपट्टा बाहेर काढावा. मूळ मुदत संपलेली लीज उत्पादन सुरू असेपर्यंतच जिवंत राहते, आणि उत्पादन थांबल्यावर बहुतेक पट्ट्यांत साठ किंवा नव्वद दिवसांत पुन्हा काम सुरू करण्याची अट असते. ती पाळली गेली नसेल तर लीज संपलेली असू शकते आणि आपण नव्या कराराला मोकळे असू शकतो. थोड्या काळाचा खंड न्यायालये माफ करतात आणि विहीर बंद असतानाही ठरावीक रक्कम देऊन लीज टिकवण्याचे कलम कंपनीच्या मदतीला येते, त्यामुळे येथेही वकिलाचे मत घ्यावे, परंतु शून्ये कोणत्या महिन्यापासून सुरू झाली त्याची छापील प्रत सोबत न्यावी. विहीर बुजवण्याचा हेतू डब्ल्यू-३ए मध्ये आणि बुजवल्याची नोंद डब्ल्यू-३ मध्ये मिळते.

हक्क ओक्लाहोमात असतील तर कागद तेथील कॉर्पोरेशन कमिशनकडे असतात आणि सक्तीच्या पूलिंगच्या आदेशाला मोजक्या दिवसांत उत्तर द्यावे लागते, म्हणून तेथून आलेले पाकीट त्याच दिवशी उघडावे. नॉर्थ डकोटात नव्या विहिरीची माहिती सहा महिने गोपनीय ठेवता येते. लुइझियानात जमिनीपासून वेगळे केलेले खनिज हक्क दहा वर्षे वापरले गेले नाहीत तर जमीनमालकाकडे परत जातात. टेक्सासमध्ये तसे होत नाही, येथे वापर न झाल्याने हक्क संपत नाहीत.